पातेल्यातले देव

आमच्या घरचे देव हरवले आहेत हे मला ताईच्या फोनमुळे कळलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती तिकडे आपल्या देशात असते आणि मी इकडे. दर रविवारी ती मला फोन करते आणि मी कसा आहे ते मला सांगते.

"आई गेली, तिचे दिवस झाले. आता तुझ्या घरी देवांकडे बघणार कोण?" ताई म्हणाली. "पुढच्या महिन्यात येतोयस ना, तेव्हा घेऊनच ये. मी करीन त्यांचं."

सूचना मला फार पसंत पडली. मी नास्तिक आहे असं माझी बायको लोकांना सांगते, पण तो तिचा मोठेपणा. नास्तिक व्हायचं म्हणजे वाचावं लागतं, चार लोकांशी वाद घालावे लागतात. मी नुसता आळशी आहे. देश सोडताना पूजा, उपास, सोवळं असं सगळं मागे राहिलं, पण त्यामागे काही विचार होता अशातला भाग नाही. बॅगेचं वजन जास्त भरलं होतं, एवढंच.

पुढे बाबा गेले आणि आई आमच्याकडे कायमची राहायला आली, ती देव घेऊन आली. पर्समध्ये, जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून. एक गणपती, एक अन्नपूर्णा, एक रांगता बाळकृष्ण आणि आमच्या कुलदेवीचा चांदीचा टाक, म्हणजे देवीची मूर्ती ठोकून उठवलेला छोटासा पत्रा. तो इतका झिजलेला की देवी आधीपासून ओळखीची असेल तरच ओळखू यावी. त्यांच्यासाठी मी दुकानातून एक कपाट आणलं. ते मुळात चपलांचं होतं, पण हे मी आईला सांगितलं नाही. ते घरी आणून स्वतः जोडायचं असतं. मी जोडल्यामुळे ते एका अंगाला कललं, दारं लागेनात, मग आईनेच त्याला एक पडदा शिवला. तिने त्या कपाटाला कधी नाव ठेवलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "फार खालच्या उंचीला आहे रे, पण असू दे."

तर फोन कानाला लावूनच मी आईच्या खोलीत गेलो आणि पडदा सारला. समई होती, घंटा होती, कुंकवाची डबी होती. लाल कापड चार ठिकाणी दबलेलं होतं, आणि देव नव्हते.

"घेतोस ना नीट गुंडाळून?" ताई विचारत होती.

"हो हो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको आली, लेक आली. शेवटचं कोणी पाहिलं, केव्हा पाहिलं अशी चौकशी सुरू झाली आणि लगेच बंदही पडली, कारण तिघांपैकी कोणालाच आठवेना. बायको खोली झाडायला जायची, ती पडद्याच्या बाहेर. लेक आजीच्या पलंगावर लोळायची, ती मोबाइलमध्ये डोकं घालून. मी जायचो तो इंटरनेटचा डबा तिथे होता म्हणून. एका घरात राहून आम्ही कितीतरी महिने देवांकडे बघितलं नव्हतं, आणि त्याचं वाईट आता, ते गेल्यावर वाटत होतं.

आईबद्दलही तसंच काहीसं होतं, पण त्या दिवशी तो विषय कोणी काढला नाही. ती दुपारी जेवून आडवी झाली आणि चहाला उठली नाही. कोणाला त्रास नको, हे तिने शेवटपर्यंत पाळलं.

मग बायकोने आईचं कपड्यांचं कपाट उघडलं आणि वाकून खालच्या कप्प्यात बघितलं. तिथून तिचा जो आवाज आला तो देव सापडल्याचा नव्हता.

"माझं पातेलं," ती म्हणाली.

इथे पातेल्याविषयी सांगायला हवं. आमच्याकडचं सर्वांत मोठं स्टीलचं पातेलं बरेच महिने गायब होतं. बायकोचा ठाम समज होता की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ते त्यांच्याकडच्या समारंभासाठी नेलं आणि परत दिलं नाही. तोंडावर विचारणं सभ्यपणाचं नाही म्हणून तिने काकूंशी बोलणं कमी केलं. काकूंना कारण कळेना, म्हणून त्यांनीही कमी केलं. लिफ्टमध्ये दोघी भेटल्या की मजल्यांचे आकडे बघत उभ्या राहायच्या. ते पातेलं आईच्या साड्यांच्या मागे, तिच्याच शालीखाली झाकून ठेवलेलं होतं.

झाकण काढलं. आत पाणी होतं, आणि पाण्याच्या तळाशी आमचे देव आडवे झालेले होते. बाळकृष्ण मुळातच रांगता, त्याला फारसा फरक पडला नव्हता. गणपती मात्र कुशीवर झोपला होता. लेकीने वाकून बघितलं आणि विचारलं, "आजी त्यांना धुवायला विसरली का?"

मी हात घालणार इतक्यात माझ्यातला संस्कारी मुलगा जागा झाला, आणि मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिने पातेलं बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "आईने देव पाण्यात ठेवलेत. काहीतरी मोठं मागितलं असणार. ते पूर्ण झाल्याशिवाय देव काढायचे नसतात."

हे मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. निवडणुकीत कोणी उभा राहिला, कोणाचा मुलगा परीक्षेला बसला, की आपण म्हणतोच, देव पाण्यात ठेवून बसलाय म्हणून. पण ते कोणी स्वयंपाकघरातलं पातेलं घेऊन खरोखर करतं, आणि तेही आपल्याच घरात, आपल्यालाच न कळता, हे मला नवीन होतं.

"काय मागितलं होतं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तुझ्या घरी राहत होती."

हे वाक्य ताई साधेपणानेच बोलली असेल. मला ते लागलं.

आता इथे कोणीही शहाणा माणूस देव काढून, पुसून, बॅगेत भरून मोकळा झाला असता. पण ताई म्हणाली, आणायचे तर पाण्यासकट आण, आईचं मागणं मध्येच मोडायचं नाही. आणि आईच्या बाबतीत 'काही अर्थ नाही त्याला' म्हणायची माझी छाती होईना. ती असताना मी ते वाक्य पुष्कळदा म्हणालो होतो.

मी विमान कंपनीला फोन केला. बऱ्याच गाण्यांनंतर एक मुलगी बोलायला आली.

"केबिनमध्ये द्रवपदार्थ नेता येणार नाही, सर. सामानात टाकू शकता. द्रवात काय आहे?"

"मूर्ती आहेत. चार."

"द्रव ज्वलनशील आहे का?"

"पाणी आहे."

"मग मूर्ती पाण्याबाहेर काढून नेल्यास काहीच अडचण नाही, सर."

"तीच तर अडचण आहे," मी म्हणालो. तिने मला वरिष्ठांकडे जोडून दिलं. वरिष्ठांनी विचारलं की मूर्ती सजीव आहेत का, कारण मासे असतील तर वेगळा विभाग आहे. मी ताईला विचारलं की सामानात टाकले तर चालेल का. ताई म्हणाली, "देव काय तुझ्या बुटांखाली येणार?" झालं, तोही रस्ता बंद.

इकडे बायकोची वेगळीच पंचाईत. पातेलं सापडल्यामुळे काकूंचा अपराध उरला नव्हता. म्हणजे आता क्षमा मागायला हवी, पण कशाबद्दल ते सांगता येईना. ती डबाभर खाऊ घेऊन खाली गेली आणि काकूंशी इतकी गोड वागली की काकू घाबरल्या. संध्याकाळी काका वर आले, काय झालंय ते बघायला. काकांची सगळी नोकरी शीतगृहांची यंत्रं बसवण्यात गेली, म्हणून इमारतीतले आम्ही सगळे त्यांना थंडे काका म्हणतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पातेल्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गोठवा."

"काय?"

"बर्फ करा. बर्फ हा द्रव नाही. पण पाणी तर आहेच, फक्त गप बसलेलं. देव पाण्यात राहतील आणि विमानवालेही गप्प बसतील."

यात बिनतोड असं काहीतरी होतं. ताईने सांगितलं की गुरुजींना विचारल्याशिवाय नाही. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार विमा विकतात आणि शनिवार-रविवार व्हिडिओवरून पूजा सांगतात. आईचे दिवसही त्यांनीच केले होते, मध्येच त्यांचं नेटवर्क गेलं तेव्हा आम्ही सगळे हात जोडून एका गोल फिरणाऱ्या चिन्हापुढे बसलो होतो. गुरुजी विचार करून म्हणाले, "शास्त्रात बर्फाचा उल्लेख माझ्या पाहण्यात नाही. पण देवांना थंडी वाजेल असं काही करू नये असं मला वाटतं."

थंडे काकांना हा त्यांच्या व्यवसायाचा अपमान वाटला. त्यांनी आधी चाचणी घ्यायचं ठरवलं. स्टीलच्या डब्यात पाणी, पाण्यात देवांऐवजी चार चमचे, आणि डबा काकूंच्या फ्रीजरमध्ये. बर्फ फुगला, डब्याचं झाकण उडालं, त्याने फ्रीजरचं दार किलकिलं राहिलं, काकूंनी महिन्याभरासाठी साठवून ठेवलेलं सगळं ओलं झालं, आणि चमचे असे अडकले की ते काढायला काकांना डबा गरम पाण्यात धरून बसावं लागलं. काकूंनी आमच्या बायकोशी बोलणं पुन्हा कमी केलं. या वेळी मात्र दोघींना कारण माहीत होतं.

तोपर्यंत पातेलं बैठकीच्या खोलीत आलं होतं. आईच्या खोलीत हीटर बंद असायचा आणि ते तिथे एकटं ठेवणं कोणालाच बरं वाटेना. मी रोज सकाळी झाकण काढून बघू लागलो. पाणी थोडं कमी झालं की वर घालायचो. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही पूजा करताय." मी म्हणालो, ही पूजा नव्हे, ही देखभाल आहे. इमारतीच्या लोकांनी टाकी धुण्यासाठी पाणी बंद केलं त्या दिवशी मी पिण्याच्या बाटलीतलं ओतलं आणि स्वतः कोरडा बसलो, त्यालाही देखभालच म्हणायचं ठरवलं.

शेवटी गुरुजींनीच मार्ग काढला. "आईंनी काय मागितलं होतं ते शोधून काढा," ते म्हणाले. "पूर्ण झालेलं असेल तर प्रश्नच मिटला. देवांना सांगायचं, झालं बरं का, आणि काढायचे. नसेल झालेलं, तर काय करायचं ते मग बघू."

आता आमच्या घरातल्या माणसाने काय मागितलं हे शोधणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. लोकांच्या घराण्यांत कुळाचार असतात. आमच्यात एकच आहे: सांगायचं नाही. उगाच काळजी करतील. बाबा गेले तेव्हा मला फोनवर सांगितलं होतं, "जरा बरं नाही, सवड काढून येऊन जा." आईचं मनगट मोडलं तेव्हा ती व्हिडिओवर फक्त चेहरा दाखवायची, हात प्लास्टरमधून निघेपर्यंत. आणि मी काही घराण्याला कमीपणा आणणारा नाही. माझ्या मानेवर एक गाठ आली होती. डॉक्टरांनी ती काढली, तपासायला पाठवली, साधी निघाली. बायकोला ठाऊक होतं, पण आईला याचा पत्ता लागू दिला नाही. पट्टीबद्दल तिने विचारलं तेव्हा सांगितलं, ऑफिसात कपाटाचं दार लागलं. मफलर गुंडाळून फिरायचो, तर म्हणाली, घसा दुखतोय का? मी म्हणालो, हो, जरा. मग ती रोज काढा करायची आणि मी न दुखणाऱ्या घशातून तो कडू काढा प्यायचो. रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर जेवायला गेलो, आईलाही नेलं. "आज काय विशेष?" तिने विचारलं. "काही नाही, सहज," मी म्हणालो. हे सगळं किती सफाईने पार पाडलं याचा मला अभिमान होता.

तर मी ताईलाच आधी विचारलं. ताई म्हणाली, "माझ्या गुडघ्यासाठी असेल."

"काय झालं गुडघ्याला?"

"बदलला. गेल्या वर्षी. आईला कळवलं नव्हतं, पण तिला वास लागला असेल."

"आणि मला?"

"तू आईला सांगितलं असतंस."

मी कोणाला काही सांगेन असं ताईला वाटलं, याचंच मला नवल वाटलं. पण गुडघा आता ठणठणीत होता, म्हणजे मागणं पूर्ण. मी पातेल्याकडे निघालो, तर लेक आडवी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ते माझ्यासाठी असेल, बाबा. मी तो कोर्स मध्येच सोडला. दुसरा घेतला. आजीला बहुतेक कळलं होतं."

"आम्हाला कधी सांगणार होतीस?"

"दुसऱ्यात पास झाल्यावर."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "मग मीही सांगून टाकते. मला कामावरून काढणार होते. पुढे नाही काढलं. तेव्हा मी महिनाभर झोपले नाही, तुम्हाला कळलंही नाही."

मला खरंच कळलं नव्हतं. मी तेव्हा माझी मान लपवण्यात गुंतलो होतो. त्या दिवशी पातेल्याभोवती बसून आम्ही एकमेकांना जेवढं सांगितलं तेवढं गेल्या कित्येक वर्षांत सांगितलं नसेल. शेवटी तीन मागण्या झाल्या. दोन पूर्ण झालेल्या, एक निकालावर अवलंबून, आणि त्यातली आईची कोणती ते कोणालाच सांगता येईना. आईला ती असताना कोणीच काही सांगितलं नाही, आणि आता तिला विचारायचं होतं तर ती नव्हती. मला त्या दिवशी तिची फार आठवण आली.

तेव्हा लेकीला बाकावरच्या बाई आठवल्या. आमच्या समोरच्या बागेत आई रोज सकाळी एका ठरलेल्या बाकावर जाऊन बसायची. तिथे आपल्या भाषेत बोलणाऱ्या एक बाई यायच्या. त्या पूर्वी नर्स होत्या, आता नातवंडं सांभाळतात. आम्ही त्यांना नमस्काराइतकंच ओळखत होतो. मी गेलो तेव्हा त्या बाकाच्या एका टोकाला बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला आईसाठी सोडलेली जागा अजून तशीच. मी त्या जागेवर बसलो नाही. उभाच राहिलो.

मी पातेल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी हसावं अशी माझी तयारी होती, पण त्या हसल्या नाहीत.

"तुमची तब्येत कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी? उत्तम."

"नाही, खरं सांगा. रिपोर्ट काय आला?"

मला आधी कळेना. मग माझा हात आपोआप मानेकडे गेला.

"तुमच्या मिसेस स्वयंपाकघरात फोनवर बोलत होत्या म्हणे," बाई सांगू लागल्या. "चिमणी चालू होती म्हणून मोठ्याने बोलत होत्या. मध्येच चिमणी बंद झाली. तेवढंच ऐकलं त्यांनी. गाठ, आणि तपासायला पाठवलीय, एवढंच. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, गाठीचा रिपोर्ट यायला किती दिवस लागतात हो? मी म्हटलं, आठवडा, दोन आठवडे. मग दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं. मग रोजच. मी म्हणायचे, लागतो कधीकधी वेळ. काय सांगणार? मी म्हटलं, मुलालाच विचारा ना सरळ. तर म्हणाल्या, तो माझ्यासाठी लपवतोय, त्याला का ओशाळवाणं करू?"

काढा एके दिवशी बंद झाला होता, तो का, हे मी कधी विचारलं नव्हतं. घसा बरा झाला असं तिला वाटलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

"एकदा फार घाबरून आल्या होत्या," बाई म्हणाल्या. "सांगत होत्या, काल आम्हाला सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं. मी विचारलं काय विशेष, तर म्हणाला, सहज. तुमच्या वडिलांनीही शेवटच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी असंच सहज म्हणून सगळ्यांना जेवायला नेलं होतं, म्हणाल्या. त्या दिवशी रडल्या. नंतर रिपोर्टचं कधी विचारलं नाही."

रिपोर्ट चांगला होता. तो त्याच दिवशी आला होता, आणि आईच्या समोरच्या खुर्चीवर बसून मी पोटभर जेवलो होतो. आईने फारसं काही खाल्लं नव्हतं. मी तिला म्हणालो होतो, तुला बाहेरचं आवडत नाही, माहितीये मला. आईने मान हलवली होती. त्यानंतरही ती कितीतरी महिने रोज मला ऑफिसला जाताना दारापर्यंत सोडायला यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटायचं, वय झालंय.

"चांगला आला रिपोर्ट," मी बाईंना म्हणालो. "साधी गाठ होती."

बाईंनी डोळ्याला पदर लावला. "देव पावला हो," त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना, मी बागेतल्या घसरगुंडीकडे बघत राहिलो.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती आईच्या पलंगावर जाऊन बसली आणि बराच वेळ तिथून उठली नाही. "चिमणी मी बंद केली नव्हती," ती म्हणाली. "आईच करून गेल्या असतील. त्यांना तो आवाज सोसायचा नाही."

गुरुजींना फोन करायला आम्ही थांबलो नाही. पातेलं उचलून पुन्हा आईच्या खोलीत, देवांच्या कपाटापुढे आणलं. ताईला व्हिडिओ कॉल लावून फोन समईला टेकवला. लेकीने आईचा ब्लाउजपीस आणला. मी बाह्या वर केल्या आणि पातेल्यासमोर बसलो. अशा वेळी काहीतरी म्हणायचं असतं, पण मला एकही मंत्र येत नव्हता. लहानपणी येत असलेला आठवायला गेलो तर दुसऱ्याच ओळीला अडलो. गुरुजी म्हणाले होते, देवांना सांगायचं, झालं बरं का. पण देवांना सांगण्यात काही हशील आहे असं मला वाटेना. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं अशी त्यांची ख्याती आहे.

"आई, रिपोर्ट आला," मी म्हणालो. "चांगला आला. साधी गाठ होती, काही नाही झालं मला. तेव्हाच आला होता. त्यासाठीच जेवायला गेलो होतो आपण."

मी पाण्यात हात घातला. पाणी खूप गार होतं. आधी गणपती काढला, मग अन्नपूर्णा, मग बाळकृष्ण. टाक तळाला चिकटून बसला होता, तो नखाने सोडवावा लागला.

"कसला रिपोर्ट?" समईजवळून ताईचा आवाज आला.

मी तिलाही सांगितलेलं नव्हतं. मग सगळं सांगावं लागलं, गाठ, पट्टी, मफलर, काढा, जेवण, सगळं. सांगताना मी एकेक देव पुसत होतो. ताई रागावेल असं मला वाटलं होतं, पण ती रागावली नाही. ती नुसती रडत राहिली आणि मीही रडलो. असं आम्ही बाबा गेले तेव्हा केलं नव्हतं, आणि आई गेली तेव्हाही केलं नव्हतं, कारण तेव्हा दोघंही एकमेकांना धीर देत होतो.

"अजून एक आहे," मी म्हणालो. "दर वर्षी दाखवावं लागतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. तुझ्याकडे यायच्या आधी. बहुतेक काही नसणार."

"बहुतेक," ताई म्हणाली.

"हो, बहुतेक."

तिने नाक पुसलं. "देव तुझ्याकडेच राहू देत," ती म्हणाली. "माझ्याकडे आले तर बिचारे परत पाण्यात जातील. आणि रिपोर्ट आला की आधी मला फोन कर. कसाही असला तरी कर."

"करतो," मी म्हणालो.

देव मी त्यांच्या जागी ठेवले. कापडावरच्या खुणांवरून कोण कुठे बसायचा ते कळलं. बाळकृष्ण मात्र कललेल्या फळीवरून सारखा घसरू लागला. तेव्हा लेकीने पडद्याच्या मागून एक घडी घातलेला पुठ्ठा काढला. आईने तो त्याच्यासाठीच तिथे ठेवलेला असणार. तो त्याच्या गुडघ्याखाली सरकवल्यावर बाळकृष्ण नीट बसला. पातेल्यातलं पाणी आम्ही खिडकीतल्या कुंड्यांना घातलं.

पातेलं बायकोने घासलं, पुसलं, आणि मला वाटलं ती ते आता स्वयंपाकघरात नेईल. तिने ते आईच्या कपाटात, साड्यांच्या मागे, होतं तिथेच परत ठेवलं आणि वरून शालीने झाकलं.

"असू दे तिथे," ती म्हणाली. "तुमची तपासणी होऊन जाऊ दे."